फायर टीव्ही स्टिक घरी लावायचीय? आई-आण्णांकडे लावून देताना जे जे लागलं ते सगळं

आमच्या नात्यात कुणी नवीन स्टिक, म्हंजे टीव्हीला मागून खोचून इंटरनेटवरचे पिक्चर-मालिका दाखवणारी ती छोटी कांडी, घेतली की फोन मलाच येतो. आधी कराडला आई-आण्णांकडे लावली, मग मावशीकडे, मग आत्याच्या सासूबाईंकडे, आणि आता सोसायटीतले पण बोलवायला लागलेत, चहा मिळतो म्हणून मी पण जातो. एवढ्या ठिकाणी लावून झाल्यावर एक कळलंय, की लावायला वीस मिनटं पुरतात, पण घरातल्या माणसाला ती एकट्याने वापरता यावी यासाठी वर अजून तासभर बसावं लागतं, आणि तो तास तुम्ही दिला नाहीत तर चार दिवसांनी टीव्ही परत केबलवर आणि स्टिक ड्रॉवरमधे जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेली असते. म्हणून इथे दोन्ही लिहितोय, लावायचं पण आणि शिकवायचं पण.

मी अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकबद्दलच लिहिणारे कारण तीच सगळ्यात जास्त वेळा हाताळलीय. गुगल टीव्हीवाली दुसरी कुठली स्टिक किंवा डबा असेल तरी क्रम साधारण हाच, फक्त बटणांची आणि सेटिंगची नावं वेगळी.

घ्यायच्या आधी टीव्हीची पाठ बघा

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एचडीएमआय लिहिलेलं चपटं भोक आहे का, आणि मुख्य म्हणजे रिकामं आहे का. एकच असेल आणि त्यात सेट-टॉप बॉक्स अडकवलेला असेल तर दर वेळी काढ-घाल करावी लागेल, ते कुणीही म्हातारं माणूस करणार नाही. अशावेळी सेट-टॉप बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर लावून जागा मोकळी करता येते, चित्र जरा मऊ दिसतं पण चालतं. जुना डबा टीव्ही असेल, म्हंजे ज्याला फक्त त्या तीन रंगांच्याच पिना आहेत, तर बाजारात कन्व्हर्टर मिळतो, पण माझं ऐका आणि त्या भानगडीत पडू नका, अक्षरं इतकी फुटतात की मेनू वाचता येत नाही.

दुसरं, टीव्ही आधीच स्मार्ट असेल आणि नीट चालत असेल तर स्टिक कशाला? बरेच जण मला बोलवतात आणि टीव्हीत सगळं आधीच असतं, फक्त वायफाय जोडलेलं नसतं. हां, पण सात-आठ वर्षं जुना स्मार्ट टीव्ही असेल, अ‍ॅप अपडेट होत नसतील, यूट्यूब उघडायला मिनिट लागत असेल, तर नवीन टीव्हीपेक्षा स्टिक कधीही स्वस्त.

कुठली घ्यायची? टीव्ही फोर-के नसेल तर फोर-केवाली घेऊन चित्र काही जास्त चांगलं दिसणार नाही, साधी घ्या. एकच गोष्ट नक्की बघा, रिमोटवर आवाज कमी-जास्तीचं बटण आहे ना. लाइट नावाच्या मॉडेलच्या रिमोटवर ते नव्हतं, आणि सेकंडहँड स्वस्तात मिळतीय म्हणून कुणी ती घेतली तर मग आवाजाला एक रिमोट आणि पिक्चरला दुसरा, की झालं.

जोडणी

खोक्यात स्टिक, रिमोट, दोन बारीक सेल, केबल, अडॅप्टर आणि एक वीतभरापेक्षा छोटी एचडीएमआयची वायर असते जिला एक्स्टेंडर म्हणतात. ही छोटी वायर लोक खोक्यातच ठेवून देतात. ती वापरा. भिंतीला लावलेल्या टीव्हीमागे स्टिक सरळ बसतच नाही, जोर केला की भोक ढिलं होतं, आणि शिवाय स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली नाही तर वायफाय पण जरा बरं पकडतं.

आता वीज. केबलचं दुसरं टोक खोक्यातल्या अडॅप्टरमधेच लावा आणि अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमधे. टीव्हीला यूएसबी दिसतं, तिथे खोचायचा मोह प्रत्येकाला होतो, मला पण झाला होता. आण्णांच्या टीव्हीला तसंच लावून मी पुण्याला आलो, आणि रोज संध्याकाळी फोन, "अरे ते परत पहिल्यापासून चालू व्हायलंय." झालं असं की त्या यूएसबीतून वीज कमी येत होती, त्यामुळे पिक्चर ऐन रंगात आला की स्टिक बंद पडून पुन्हा सुरू व्हायची, आणि वर टीव्ही बंद केला की तिची पण वीज जायची म्हणून दर वेळी चालू व्हायला मिनिटभर. आण्णांना वाटलं स्टिकच खराब, मला वाटलं इंटरनेट खराब, आणि दोष होता त्या भोकाचा. पुढच्या शनिवारी जाऊन एक एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि प्रश्न संपला. स्टिकला ५ व्होल्ट १ अँपिअर लागतं, मूळचा अडॅप्टर हरवला असेल तर फोनचा चांगला चार्जर चालतो.

टीव्ही चालू करून रिमोटवर सोर्स किंवा इनपुट बटण दाबा आणि जिथे स्टिक लावलीय तो नंबर निवडा, एचडीएमआय १ की २. हा नंबर आत्ताच कागदावर लिहून ठेवा, पुढे का ते सांगतो.

पहिल्यांदा चालू करताना

सेल घातले की रिमोट बहुतेक वेळा आपोआप जुळतो. नाही जुळला तर घराचं चित्र असलेलं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग भाषा विचारेल, मग वायफाय.

वायफायमधे दोन नावं दिसली, एकात शेवटी ५जी वगैरे, तर राउटर त्याच खोलीत असेल तर ५ वालं घ्या, वेग जास्त मिळतो. पण राउटर एका टोकाला आणि टीव्ही दुसऱ्या, मधे जुन्या घराची दीड फुटी दगडी भिंत, असं असेल तर साधं, म्हंजे ५ न लिहिलेलं, २.४ वालंच घ्या, ते भिंतीतून बरं जातं. वेग किती लागतो म्हणाल तर नेटफ्लिक्सच्या हिशोबाने फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५. आजकालच्या फायबरला हे काहीच नाही, तेव्हा अडकत असेल तर आधी राउटरची जागा बदलून बघा, प्लॅन नंतर.

ज्यांच्याकडे फायबर नाही आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवायचंय त्यांनी हिशोब करा. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज असेल तर अर्ध्या तासात संपला, म्हंजे एक एपिसोड आणि राम राम. स्टिकमधे सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, तिथे डेटा मॉनिटरिंग आहे, ते चालू करून क्वालिटी खाली आणता येते. बत्तीस इंची टीव्हीवर फारसा फरक कळत पण नाही.

मग अकाउंट. स्क्रीनवर एक कोड किंवा चौकोनी क्यूआर येईल, तो फोनवरून स्कॅन करून लॉगिन करा, रिमोटने एक एक अक्षर टिपत बसू नका. प्राइमचे पैसे भरलेच पाहिजेत असं काही नाही, फुकटचं साधं अ‍ॅमेझॉन अकाउंट पुरतं.

कुणाचं अकाउंट हा खरा प्रश्न. बहुतेक मुलं स्वतःचंच टाकतात कारण प्राइम त्यांच्याकडे असतं. टाका, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे प्राइम व्हिडिओ एका अकाउंटवर पाच डिव्हाइसला चालतं आणि त्यात टीव्ही दोनच, त्यामुळे तुमच्या हॉलमधला एक आणि आईकडचा एक झाला की कोटा संपला, सासुरवाडीच्या टीव्हीला जागा नाही, हे घरात आधीच बोलून घ्या नाहीतर नको तो विषय निघतो. आणि दुसरं, सेटिंग्जमधे जाऊन पेरेंटल कंट्रोलमधे खरेदीला पिन लावा, नाहीतर नातवंडं भाड्याचा पिक्चर घेऊन मोकळी होतात.

अमेरिकेतून कुणी स्टिक आणून दिली असेल तर ती तिकडच्या अकाउंटवर ठेवू नका, इथल्या अकाउंटवर रजिस्टर करा, नाहीतर आपली अ‍ॅप शोधून सापडत नाहीत.

इथेच एक सावध राहायची जागा आहे. स्टिक अ‍ॅक्टिव्हेट करायला एक रुपयाही लागत नाही. कोड टाकताना काहीतरी अडलं की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, आणि वर येणारा प्रत्येक नंबर खरा नसतो. समोरचा गोड बोलतो, अ‍ॅक्टिव्हेशन चार्ज मागतो, नाहीतर फोनमधे एक अ‍ॅप टाकायला लावतो ज्यातून त्याला तुमची स्क्रीन दिसते. आमच्या मावशींनी ओटीपी सांगायच्या आधी सुदैवाने मला फोन केला. वेबसाइटचा पत्ता तोच टाकायचा जो टीव्हीवर लिहिलेला दिसतोय, आणि मदत हवी असेल तर अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधूनच.

शेवटी टीव्हीचा आवाज. स्टिक टीव्हीची कंपनी विचारते, गाणं वाजवते आणि आवाज कमी-जास्त होतोय का बघायला सांगते. घाईत हे वगळू नका! हे झालं की टीव्ही चालू-बंद आणि आवाज दोन्ही या एकाच रिमोटवर येतं. एक गंमत बघा, हा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो म्हणून मेनू हलवायला रिमोट कुठेही धरला तरी चालतो, पण आवाजाचं बटण जुन्या रिमोटसारखं डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांवर चालतं म्हणून ते टीव्हीकडे तोंड करूनच दाबावं लागतं. आई पांघरुणातून आवाज वाढवत होती आणि "हे बटण मेलंय" म्हणत होती, तर ते मेलेलं नव्हतं, गोधडीत होतं.

अ‍ॅप कुठली टाकायची

मोह टाळा. सगळी टाकू नका, साध्या स्टिकमधे एकूण जागाच ८ जीबी, त्यातली पण बरीच तिची स्वतःचीच खाल्लेली. घरात काय बघतात ते विचारा आणि तेवढीच टाका. झी मराठीच्या मालिका असतील तर झी५. स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी असेल तर जिओहॉटस्टार, फेब्रुवारी २०२५ मधे जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हापासून हे सगळं एकाच ठिकाणी आलंय. सोनी मराठीला सोनीलिव्ह. आणि यूट्यूब तर पाहिजेच, खरं सांगायचं तर ज्येष्ठांच्या घरी सत्तर टक्के वेळ तेच चालू असतं, सकाळी कीर्तन, दुपारी रेसिप्या, संध्याकाळी मराठी न्यूज चॅनेलचं लाइव्ह.

पैसे भरायच्या आधी मोबाईलचा आणि फायबरचा प्लॅन उघडून बघा, त्यात एखाद-दुसरं अ‍ॅप बऱ्याचदा फुकट असतं आणि आपण तेच वेगळे पैसे भरून घेतो. आणि वर्षाचं घेतलंत तर यूपीआयचं ऑटोपे लगेच बघून ठेवा. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो खरा, पण आण्णांच्या फोनवर रोज तीसेक मेसेज येतात, त्यात तो कोण वाचतंय, गेले आमचे एका अ‍ॅपचे वर्षभराचे पैसे असेच, बघणारी आत्या चार दिवसांसाठी आली होती तिच्यासाठी घेतलं होतं.

यूट्यूबला तुमचं स्वतःचं जीमेल टाकू नका. टाकलंत तर तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर यूट्यूब उघडल्या उघडल्या गुडघेदुखीवर रामबाण उपाय. आईचं वेगळं जीमेल असेल तर ते, नसेल तर गेस्ट म्हणून चालू द्या.

मुखपृष्ठ शांत करा

स्टिकच्या पहिल्या स्क्रीनवर कायम काहीतरी वाजत असतं, ट्रेलर, जाहिरात, मारामाऱ्या. तरुण माणसाला काही वाटत नाही पण आईला वाटलं तिनेच काहीतरी दाबलं, आणि घाबरून तिने रिमोट खाली ठेवून दिला. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, फीचर्ड कंटेंट, इथे व्हिडिओ ऑटोप्ले आणि ऑडिओ ऑटोप्ले दोन्ही बंद करा. मला विचाराल तर अख्ख्या सेटअपमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग आहे आणि ते कुणीच करत नाही.

मग अ‍ॅपची रांग. अ‍ॅपवर जाऊन तीन आडव्या रेघांचं बटण दाबलं की हलवायचा पर्याय येतो. यूट्यूब पहिलं, मालिकांचं अ‍ॅप दुसरं, बाकी मागे. आईला "डावीकडून दुसरं" एवढंच लक्षात ठेवायचंय.

डिस्प्ले अँड साउंड्समधे एचडीएमआय सीईसी नावाचं एक असतं, ते चालू ठेवा, आणि टीव्हीच्या सेटिंगमधे पण त्याच प्रकारचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीने नाव वेगळं दिलंय. दोन्हीकडे चालू असलं की घराचं बटण दाबल्यावर टीव्ही स्वतःहून चालू होऊन स्टिकवर येतो, सोर्स शोधायची गरज नाही. सगळ्या टीव्हींना जमत नाही पण जमलं तर निम्मे फोन कमी.

आता तो तासभर

रिमोट स्वतःच्या हातात धरून "हे असं, मग हे असं" दाखवू नका. त्याने काही होत नाही. रिमोट आईच्या हातात द्या आणि हात मागे बांधून बसा, खरंच, कारण तिचं बोट चुकीच्या बटणाकडे निघालं की आपला हात आपोआप पुढे जातो.

आमच्याकडे काय झालं सांगतो. आई चष्मा डोळ्यावर घेऊन रिमोट बघायची, बटण सापडलं की चष्मा वर सारून टीव्ही बघायची, तोपर्यंत बोट सरकलेलं. शिवाय टीव्हीच्या जुन्या रिमोटची सवय, जोरात आणि बराच वेळ दाबायची, त्यामुळे चौकट एक घर जायच्या ऐवजी चार घरं पळायची. "अगं आई, टिचकी मारल्यासारखं दाब, कुकरचं झाकण नाहीये ते." मग तीन बटणं ठरवली. मधलं गोल, म्हंजे हो. वाकडा बाण, म्हंजे मागे. घर, म्हंजे काहीही गोंधळ झाला तर इकडे. घराच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा थेंब लावला, चष्मा नसला तरी दिसतो. बाकीची बटणं पहिल्या आठवड्यात नाहीत असंच समजायचं.

आणि मग मुद्दाम हरवायला लावा. हे सगळ्यात कामाचं. तुम्हीच सोर्स बदलून टीव्ही काळा करा आणि म्हणा, आता परत आण. पाच वेळा करून घ्या. लोक स्टिक वापरायचं सोडतात ते अवघड आहे म्हणून नाही, तर काळा पडदा आला की परत कसं यायचं माहीत नसतं म्हणून. तो नंबर लिहायला सांगितला होता ना, तो यासाठी. आईने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं, "काळं झालं तर मोठा रिमोट, सोर्स, दोन नंबर", आणि टीव्हीखाली चिकटवलं. मी टाइप करून प्रिंट काढून दिली होती ती तिने वाण्याची यादी लिहायला वापरली.

माइकचं बटण शिकवा पण दुसऱ्या दिवशी. ते बोलताना दाबून धरायचं असतं, बोलून झालं की सोडायचं. नाव सुटसुटीत घेतलं तर सापडतं, "यूट्यूब", "हरिपाठ", असं. आई मात्र "अगं बाई, जरा ते कालचं हरिपाठाचं लाव ना" असं अख्खं वाक्य बोलते, आणि मग जे काय लागतं ते आम्ही सगळे बघत बसतो.

अडलं तर

अडकून बसली, काहीच हलत नाही: गोल बटण आणि चालू-थांब बटण दोन्ही एकदम पाच सेकंद धरा, स्टिक बंद होऊन चालू होईल. नाहीच झाली तर सॉकेटचं बटण बंद, वीस आकडे मोजा, चालू.

रिमोट चालत नाही: आधी सेल. मग घराचं बटण दहा सेकंद. तरी नाही तर फोनवर फायर टीव्हीचं अ‍ॅप टाका, स्टिक आणि फोन एकाच वायफायवर असले की फोनचाच रिमोट होतो, आणि पासवर्ड टाइप करायला तर मी कायम तोच वापरतो.

एकच अ‍ॅप सारखं बंद पडतंय: सेटिंग्जमधे अ‍ॅप्लिकेशन्समधे जाऊन त्या अ‍ॅपचं क्लिअर कॅशे करा. क्लिअर डेटा करू नका हां, ते केलं की परत लॉगिन आणि परत ओटीपी, आणि ओटीपी तुमच्या फोनवर आणि तुम्ही मीटिंगमधे.

लाइट जाण्याचा त्रास असेल तर टीव्ही इन्व्हर्टरवर आणि राउटर नाही असं बऱ्याच घरी असतं, मग "इंटरनेट नाही" असं येतं आणि सगळे स्टिकला शिव्या घालतात. राउटर पण त्याच लाइनवर घ्या, किंवा राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो तो लावा.

विकायची किंवा कुणाला द्यायची झाली तर मागे बटण आणि उजवीकडचं बटण एकत्र दहा सेकंद धरलं की फॅक्टरी रिसेट होते. अकाउंटमधून पण ती काढून टाका.

आणि केबलवाल्याला लगेच बंद कर म्हणून सांगू नका, निदान दोन-तीन महिने. आमचा सेट-टॉप बॉक्स अजून आहे. आईचं सगळं स्टिकवर असतं आता, पण आण्णांना काहीतरी निवडून बघणं आवडतच नाही, त्यांना चॅनेल पुढे ढकलत ढकलत जायचं असतं आणि मधेच कुठेतरी जुनी मॅच लागली की थांबायचं असतं.